ब्लोअरची मोटर तीच, वर फक्त काळा रंग

गाडीच्या ब्लोअरच्या (आत हवा फेकणाऱ्या पंख्याच्या) खोट्या दुरुस्तीत १४,४०० रुपये गेले. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण लाजेपायी मी घरीसुद्धा पंधरा दिवस नऊ हजार सांगत होतो.

आमचं गाव संत्र्याच्या पट्ट्यातलं. गाडी २००८ ची बोलेरो. डिसेंबरात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला सकाळी आठचा नंबर होता, म्हणून पहाटे साडेचारला निघालो. गाडीत चार माणसं, बाहेर कडाक्याची थंडी आणि धुकं. दहा मिनिटांत समोरची काच आतून पांढरी झाली. ब्लोअर लावला तर नुसता टक्क आवाज, हवा नाही. बायको सारखी ओढणीने काच पुसत होती. तरी एक कापसाची ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना रेडियम, आमच्यापासून हातभर अंतरावर आल्यावर दिसली. आपल्याकडे हीटर लागतो कोणाला, असं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहिलं. आणि मे महिन्यात एसीची हवाही तोच ब्लोअर फेकतो, हेही ध्यानात ठेवा.

दुखणं एका दिवसाचं नव्हतं. महिनाभर आधीपासून चिर्र असा आवाज यायचा, मग हवा मंद झाली, एकदा जळका वास आला, मग फ्यूज उडाला. नवा फ्यूज टाकला, तोही उडाला. शेजारचा पोरगा म्हणाला, जाड फ्यूज टाकून देतो. ते तेवढं मी करू दिलं नाही. जाम झालेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, आणि फ्यूज उडाला नाही तर आतली वायर जळते. कोणीही जाड फ्यूज किंवा तार टाकू नका.

गावात मोटर रिवाइंडिंग करणारे एक भाऊ आहेत. विहिरीवरचे पंप तेच भरून देतात, आणि पाच वर्षांपूर्वी याच ब्लोअरचे कार्बन, म्हणजे मोटरच्या आत वीज पोचवणारे घासते तुकडे, त्यांनीच बदलले होते. मग त्यांच्याकडे का गेलो नाही, हे मला दहा जणांनी विचारलं. ते लेकीच्या लग्नासाठी आठवडाभर बाहेरगावी होते आणि आईला शनिवारी परत दाखवायचं होतं. पुन्हा त्या पांढऱ्या काचेतून म्हातारीला न्यायची माझी हिंमत नव्हती. म्हणून तालुक्याच्या गावात, मोठा बोर्ड असलेल्या गॅरेजवर गेलो.

त्याने माझ्यासमोर मोटर काढली. पंखा हाताने फिरवून दाखवला, फिरला नाही. हे खरं होतं. एवढं खरं त्याने डोळ्यासमोर दाखवलं, म्हणून पुढचं सगळं खोटं माझ्या गळी उतरलं.

"काकाजी, मोटर तं गेलीच, पण ते काऊन गेली हे पाहा ना. हीटरची कॉइल लीक हाय. पानी मोटरवर पडलं अन् जाम झाली. नुसती मोटर टाकली तं महिन्याभरात पुन्हा जाईन."

खाली पायपुसणं ओलं होतंच, पहाटेच्या दवाने आमच्याच चपला ओल्या होत्या. मला ते पटलं. त्या वेळी बोनेट उघडून कूलंटची बाटली पाहिली असती तर तिथल्या तिथे कळलं असतं. हीटरची कॉइल, म्हणजे इंजिनचं गरम कूलंट जिच्यातून फिरतं ती जाळी, गळत असेल तर बाटलीतली पातळी उतरते, गाडीत गोडसर वास येतो, काचेवर चिकट थर बसतो. माझी पातळी दिवाळीपासून जिथल्या तिथे होती. दर रविवारी मीच पाहत होतो. माहीत असलेली गोष्ट ऐन वेळी आठवली नाही, याचा राग अजून जात नाही.

हिशोब त्याने साध्या कागदावर बॉलपेनने लिहून दिला. नवी मोटर ४,२००. हीटर कॉइल ३,६००. रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी करणारा पार्ट, ९५०. कूलंट ७००. वायरिंग आणि फ्यूज ४५०. पूर्ण डॅशबोर्ड खोलून परत बसवायची मजुरी ४,५००. कागदावर गॅरेजचं नाव नाही, सही नाही, तारीख नाही. आठ हजार रोख आगाऊ घेतले. गाडी घ्यायला गेलो तेव्हा उरलेले ६,४०० फोनवरून देतो म्हणालो, तर "आपला स्कॅनर बंद हाय, भाच्याच्या नंबरवर टाका." स्क्रीनवर भलतंच नाव आलं. तरी मी बटण दाबलं. जुने पार्ट मागितले, तर म्हणाला भंगारवाला सकाळीच घेऊन गेला.

आता ज्या क्षणासाठी मला रात्री झोप येत नाही तो सांगतो. माझ्या गाडीत डॅशबोर्ड आणि समोरचा खण यांच्या जोडावर शेगावच्या गजानन महाराजांचं स्टिकर आहे. अर्धं डॅशबोर्डवर, अर्धं खणाच्या झाकणावर. वडील गाडी घेऊन शेगावला गेले तेव्हा त्यांनीच ते चिकटवलं, चुकीच्या जागी लागलं म्हणून आम्ही त्यांच्यावर चिडलोही होतो. तेव्हापासून तो खण आम्ही उघडलेलाच नाही. पूर्ण डॅशबोर्ड बाहेर काढायचं तर ते स्टिकर फाटायलाच पाहिजे. ते अखंड होतं. कोपरासुद्धा उचललेला नव्हता. आणि मी काय केलं? नेहमीसारखा त्याच स्टिकरला हात लावून नमस्कार केला, चावी फिरवली, गरम हवा आली, आणि त्या माणसाला धन्यवाद देऊन निघालो. ४,५०० रुपयांच्या मजुरीचं खोटं माझ्या बोटाखाली होतं.

दुसरी खूण रस्त्यातच दिसली. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत होता, एक-दोनवर काही नाही. फोन केला तर, "नवी मोटर हाय, सेट होऊ द्या." मोटर सेट होत नसते. खालचे स्पीड गेले आणि शेवटचा चालतो म्हणजे रेझिस्टर जळालेला, कारण शेवटच्या स्पीडला करंट त्यातून जातच नाही. म्हणजे ९५० चा रेझिस्टरही टाकलेला नव्हता.

सतराव्या दिवशी तोच चिर्र आवाज, आणि संध्याकाळी मोटर पुन्हा जाम.

गॅरेजवाल्याचं उत्तर एका वाक्याचं: "इलेक्ट्रिक पार्टले गॅरंटी नसते." चारचौघांत मी हात जोडले, त्याने पोरांना दुसरी गाडी आत घ्यायला सांगितलं.

रिवाइंडिंगवाले भाऊ परत आले होते. त्यांनी खणाच्या खालून हात घातला, पिन काढली, तीन स्क्रू खोलले आणि वीस मिनिटांत मोटर माझ्या हातात दिली. डॅशबोर्डला हातही लावायची गरज नव्हती. मोटर काळीकुट्ट चमकत होती. त्यांनी पेचकसाने घासलं तर रंगाचा पापुद्रा निघाला, खाली गंज. मागचं झाकण उघडून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, हे तं माह्याच हातचं काम व्हय. हा कार्बनचा सोल्डरचा टाका मीच मारला होता."

माझीच मोटर मला ४,२०० ला विकली.

गंज सोडवायचा स्प्रे बुशमध्ये, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्यात, मारला होता, एवढंच. त्या पातळ स्प्रेने जाम सुटतो, मोटर फिरते, गिऱ्हाईक पैसे देतं. पण होतं नव्हतं तेही वंगण धुऊन निघतं, स्प्रे उडून जातो, आणि बुश कोरडं पडून पुन्हा धरतं. भाऊंनी बुश साफ करून नीट तेल दिलं, कार्बन बदलले, कम्युटेटर, म्हणजे कार्बन जिथे टेकतात तो भाग, बारीक पॉलिश पेपरने घासला, पंख्यातून सुकी पानं आणि उंदराने ओढून आणलेला कापूस काढला. मग मोटर बॅटरीवर थेट १२ व्होल्टवर चालवून दाखवली. ३५० रुपये. रेझिस्टर दुकानातून आणला, ४२०. हीटरच्या पाइपांचे क्लॅम्प गंजलेले, पाना लागल्याची एकही खूण नाही. कॉइल बदललीच नव्हती. हे सगळं मी मोबाईलवर शूट करून ठेवलं आहे. तुम्ही जुन्या पार्टवर गाडी देण्याआधीच खूण करा, रंगाचा ठिपका लावा, फोटो काढा. मला नशिबाने टाका सापडला.

आता पुढचं. पोलीस ठाण्यात तीन वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा अंमलदार म्हणाले, अर्ज टाइप करून आणा. झेरॉक्सवाल्याकडे ६० रुपये देऊन टाइप केला. तिसऱ्यांदा वाचून म्हणाले, "हा दिवाणी मामला आहे. बिल आहे का?" बिल नाही, तीच तर तक्रार आहे म्हटलं. "मग त्याने पैसे घेतले हे कशावरून?" ६,४०० ची नोंद दाखवली. "हे तर दुसऱ्याच माणसाच्या खात्यात गेले." अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. फसवणुकीचं कलम पूर्वी ४२० होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३१८ आहे, हे मी पाठ करून गेलो होतो. तोंड उघडेपर्यंत पुढच्या माणसाला बोलावलं गेलं.

परिवहन कार्यालयात म्हणाले, गॅरेज आमच्याकडे येत नाही. तहसीलच्या पुरवठा विभागात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, मग जेवणाची सुट्टी, मग "जिल्ह्याला जा." एक बाबू म्हणाले, "चौदा हजारांसाठी एवढे हेलपाटे कशाला घालता?" माझ्या बागेत तोडा चालू होता, मजूर लावलेले होते, आणि मी तीन दिवस बाकावर बसून होतो. चौदा हजार म्हणजे आमच्या घरात काय असतं हे त्या खुर्चीवरून दिसत नाही. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच, बिल आहे का. ज्याने ठरवून बिल दिलं नाही त्यालाच त्या प्रश्नाने वाचवलं जातं.

आणि कायद्यात काय आहे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७): बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा. हे मला कोणत्याही टेबलावर कोणी सांगितलं नाही, भाच्याने शोधून दिलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी माहिती घेता येते. पैसे देताना नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, गाडी राहिली तर राहू द्या.

आईचा दुसरा डोळा पुढच्या महिन्यात आहे. ब्लोअर चालू आहे, चारही नंबरवर. सोमवारी जिल्ह्याला जातो आहे. कागद, ६,४०० ची नोंद, व्हिडिओ आणि रंग खरवडलेल्या मोटरचे फोटो सोबत आहेत. अर्जाच्या या वेळी दोन प्रती केल्या आहेत, एकीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही.