डिव्हाइस ट्रीतला सातबारा: टीडीए४व्हीएमचे नऊ कोप्रोसेसर आठ महिने सांभाळल्यावर

"अरे, तू तर दोन कोअर म्हणाला होतास. मला इथे एकच दिसतोय."

बोर्ड हातात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी फर्मवेअर (चिपमधल्या छोट्या कोअरवर चालणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्या मित्राचा हा फोन. बघितलं तर खरंच एकच दिसत होता. बोर्ड फॉल्टी आहे, कोणीतरी उलटी सप्लाय दिली, असले सगळे तर्क करून झाले. संध्याकाळी कळलं की दुसरा कोअर कुठेही गेला नव्हता. तो पहिल्याच्या पावलावर पाऊल टाकत त्याच्याच सूचना चालवत होता. फाइलीतल्या एका ओळीत १ होता, तिथे ० हवा होता. डिव्हाइस ट्रीशी, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन लिनक्सला देणाऱ्या त्या फाइलीशी, माझी खरी ओळख झाली ती त्या दिवशी. त्याआधी चार वर्षं मी नुसता कॉपी-पेस्ट करत होतो.

आमचं काम पुण्यात, पॅकिंग मशिनच्या कंट्रोलरचं. चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची (टीआय) टीडीए४व्हीएम. सुरुवात याच चिपच्या बीगलबोन एआय-६४ या तयार बोर्डवर केली, नंतर आमचा स्वतःचा बोर्ड बनवला. या चिपमध्ये लिनक्स चालतो तो दोन कॉर्टेक्स-ए७२ वर. त्याशिवाय सहा आर५एफ (छोटे रिअल-टाइम कोअर), दोन सी६६ डीएसपी (सिग्नलवर गणित करणारे प्रोसेसर) आणि एक सी७१ डीएसपी, असे एकूण नऊ मदतनीस. मोटरचं लूप आर५एफवर, बेअरिंगच्या कंपनांचं विश्लेषण सी६६ वर, आणि सी७१ सध्या नुसता बसून आहे. यूएसबीला पेनड्राइव्ह लावला की तो आपली ओळख स्वतःच सांगतो. या नऊ जणांना तसं सांगता येत नाही. कोण कुठल्या पत्त्यावर राहतो, त्याची मेमरी किती, त्याला हाक कशी मारायची, हे सगळं डीटीएस फाइलीत (डिव्हाइस ट्रीच्या मजकुरात) लिहून कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हाती द्यावं लागतं.

आर५एफ इथे एकेकटे येत नाहीत. दोघांचा एक क्लस्टर, असे तीन क्लस्टर. फाइलीतही तशीच मांडणी आहे: क्लस्टरचा एक नोड (माहितीचा कप्पा) आणि त्याच्या पोटात दोन कोअरचे दोन नोड. दोघांचं मिळून जे आहे ते वरच्या नोडमध्ये, ज्याचं त्याचं खाजगी ते आतल्या नोडमध्ये. ही रचना मला मनापासून आवडली. आधीच्या एका प्रोजेक्टमध्ये एसटीएम३२एमपी१ ही चिप वापरली होती. तिथे मदतीला एकच एम४, त्यामुळे एका नोडमध्ये काम संपतं. पण दोन कोअर रीसेट आणि मोडच्या बाबतीत एकमेकांत अडकलेले असतील, तर त्यांना शेजारी-शेजारी सुटे लिहून चालत नाही.

आता ती १ आणि ० ची ओळ. प्रॉपर्टीचं नाव टीआय,क्लस्टर-मोड. १ म्हणजे लॉकस्टेप: दोन्ही कोअर एकच प्रोग्रॅम चालवतात आणि हार्डवेअर त्यांची उत्तरं ताडून पाहतं. ब्रेक, स्टिअरिंग अशा ठिकाणी हे हवंच. ० म्हणजे स्प्लिट: दोघांचे संसार वेगळे. या चिपवर ओळ लिहिलीच नाही तर लॉकस्टेप गृहीत धरतात, आणि लॉकस्टेपमध्ये लिनक्सला एकच रिमोटप्रोक, म्हणजे सुरू-बंद करता येणारा एकच मदतनीस, दिसतो. म्हणून तो फोन. इथे माझी एक तात्त्विक कुरकुर आहे. डिव्हाइस ट्रीत हार्डवेअर जसं आहे तसं लिहावं, असं आपण सगळ्यांना शिकवत असतो. पण मोड ही हार्डवेअरची वस्तुस्थिती नव्हे, तो माझा निर्णय आहे. तोच बोर्ड, तीच चिप, आज लॉकस्टेप आणि उद्या स्प्लिट. तरी ती ओळ याच फाइलीत बसते, कारण कोअर रीसेटमधून बाहेर यायच्या आधीच हे ठरवावं लागतं. दुसरी चांगली जागा मलाही सुचली नाही, म्हणून कुरकुर इथेच थांबवतो.

यातून शहाणा झालो असं वाटलं आणि पुढच्याच आठवड्यात दुसरा धडा मिळाला. दुसऱ्या क्लस्टरमधला कोअर १ आम्हाला नको होता. नको असेल तर स्टेटस डिसेबल्ड लिहायचं, ही डिव्हाइस ट्रीतली रोजची सवय. तसं लिहिलं, बूट केलं, तर अख्खा क्लस्टर गायब. लॉगमध्ये ड्रायव्हरचा निरोप: क्लस्टरला दोन्ही आर५एफ कोअर चालू लागतात, तुमच्याकडे एकच आहे. फाइलीतून काढलं म्हणजे सिलिकॉनमधून काढलं असं होत नाही, हे ड्रायव्हरचं म्हणणं बरोबरच आहे. नोड दोन्ही ठेवायचे आणि नको त्या कोअरला सुरूच करायचं नाही. सुरू करण्यालाही क्रम आहे: स्प्लिटमध्ये आधी कोअर ०, मग कोअर १. बंद करताना उलट. आमच्या सर्व्हिस स्क्रिप्टमध्ये हा क्रम चुकला होता. नवीन कर्नलने सरळ "कोअर ० च्या आधी कोअर १ सुरू करता येणार नाही" असं सांगून हात वर केले. जुना कर्नल असं काही बोलत नसे, म्हणून चूक इतके दिवस खपली.

सगळ्यात जास्त केस पिकवले ते एटीसीएमने. प्रत्येक आर५एफला अगदी जवळ अशी दोन छोटी मेमरी दिलेली असतात, एटीसीएम आणि बीटीसीएम. या चिपवर प्रत्येकी ३२ केबी. आर५एफ जागा होतो तो पत्ता शून्यावर, आणि शून्यावर कोण बसणार हे टीआय,लॉकझरॅमा नावाची प्रॉपर्टी ठरवते. १ असेल तर एटीसीएम. न लिहिता तिची किंमत १ धरतात. पण एटीसीएम मुळात चालू आहे की नाही यासाठी वेगळी प्रॉपर्टी आहे, आणि ती लिहिली नाही तर एटीसीएम बंद! बीटीसीएमचं उलटं, न लिहिता चालू. म्हणजे तिन्ही ओळी विसरलात तर शून्यावरच्या खुर्चीचं आरक्षण एटीसीएमच्या नावावर आणि एटीसीएम रजेवर. आम्ही दुसऱ्या क्लस्टरचा नोड हाताने लिहिला तेव्हा नेमकं हेच घडलं. वाईट भाग असा की कर्नलला काही वावगं दिसत नाही. तो ए७२ च्या बाजूने त्या मेमरीत फर्मवेअर व्यवस्थित भरतो, कारण त्या बाजूने ती चालू-बंद असण्याचा संबंध येत नाही. मग अभिमानाने लिहितो की रिमोट प्रोसेसर आता सुरू झाला आहे. आणि आर५एफ ठार गप्प. दोन दिवस आम्ही लिंकर स्क्रिप्ट (फर्मवेअरचा कुठला भाग कुठल्या पत्त्यावर बसेल ते सांगणारी फाइल) चाळत बसलो होतो. तेव्हापासून तिन्ही ओळी डोळे झाकून लिहितो, गरज असो वा नसो.

आता मेमरी. हे प्रकरण मोठं आहे.

प्रत्येक कोअरला डीडीआरमधला, म्हणजे मुख्य रॅममधला, एक तुकडा राखून द्यावा लागतो. प्रचलित नकाशात एका कोअरला १६ एमबी: पहिला १ एमबी निरोपांच्या देवाणघेवाणीसाठी, उरलेले १५ फर्मवेअरसाठी. नऊ जणांचे १४४ एमबी. ४ जीबीच्या बीगलबोनवर हे जाणवत नाही. आमच्या बोर्डवर खर्च वाचवायला १ जीबीच लावली होती, तिथे रॅमचा सातवा हिस्सा जातो. डिव्हाइस ट्रीचा हा भाग मला थेट सातबाऱ्यासारखा वाटतो. गट नंबर, क्षेत्र, कोणाच्या नावावर. नो-मॅप लिहिलं की लिनक्स त्या शेतात पाय ठेवत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आले तर कर्नल बूट होतानाच ओव्हरलॅपची बोंब मारतो. फर्मवेअरचा एखादा भाग बांधाबाहेर लिंक झाला असेल तर लोडर (फर्मवेअर मेमरीत भरणारा कर्नलचा भाग) तो पत्ता छापून नकार देतो. इथवर सगळं कायदेशीर.

पण सातबाऱ्यावर एक आणि वहिवाट भलत्याचीच, हे आपल्याकडे नवीन नाही. रॅम वाचवायला मी मोटरवाल्या कोअरचे १६ एमबी कापून ८ केले. लिंकर स्क्रिप्ट बदलली, फर्मवेअर नव्याने बांधलं, मशिन फिरलं. नंतर तीन आठवडे लिनक्स अधूनमधून मरायचा. कधी चार दिवसांनी, कधी जेवायच्या सुट्टीत. कधी फाइल सिस्टिम तक्रार करायची, कधी एखादा प्रोग्रॅमच कोसळायचा, दरवेळी वेगळा. रॅमची चाचणी रात्रभर चालवली, पॉवर सप्लाय बदलला. शेवटी एका क्रॅशच्या लॉगमध्ये एका पॉइंटरची किंमत विचित्र दिसली: ४बी ४एफ २० ५२ ४एफ ५४ ४एफ ४डी. खरे पत्ते असे दिसत नाहीत. मित्राने ते आकडे शेवटाकडून उलटे वाचत अक्षरं काढली: एम, ओ, टी, ओ, आर, मोकळी जागा, ओ, के. "मोटर ओके." बरोबर आठ बाइट.

झालं असं होतं की फर्मवेअरच्या एका सी फाइलीत लॉग लिहायचा पत्ता थेट आकड्यात डिफाइन केलेला होता: ए२ई०००००. जुन्या १६ एमबीच्या तुकड्यात तो अगदी शेवटाकडे बसत होता. मी अर्धं शेत लिनक्सला परत केलं, पण कूळ नांगर चालवतच राहिलं. तो पत्ता कुठल्याही सेक्शनमध्ये नव्हता, म्हणून लोडरला दिसायचं कारण नव्हतं. डिव्हाइस ट्री लिनक्सला अडवते, आर५एफला अडवत नाही. हे वाक्य मी आता नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगतो.

याच ठिकाणची माझी दुसरी तक्रार: या कोअरच्या नोडमधल्या मेमरी-रीजन प्रॉपर्टीत तुकड्यांना नावं नसतात, फक्त क्रम असतो. पहिला निरोपांचा, दुसरा फर्मवेअरचा. रजिस्टरच्या पत्त्यांना एटीसीएम, बीटीसीएम अशी नावं देता येतात, मग इथे का नाही? अदलाबदल झाली तर डोळ्यांना काही खटकत नाही.

खटकण्यावरून सी६६ ची गोष्ट. संदर्भ बोर्डाच्या फाइलीत सी६६ ० चं फर्मवेअर ए६१००००० वर आहे आणि त्याचा निरोपांचा तुकडा मात्र ए७०००००० वर. सी६६ १ चं बरोबर उलटं. मला वाटलं कोणाची तरी टंकनचूक आहे. आमच्या फाइलीत "सुधारून" टाकली. त्यानंतर डीएसपीला पाठवलेले निरोप कधी पोचायचे, कधी जुनाच निरोप पुन्हा वाचला जायचा. मूळ फाइलीत वर एक ओळीची टिप्पणी आहे, की कॅशिंगमुळे (रॅममधल्या माहितीची प्रत प्रोसेसरजवळ ठेवण्यामुळे) जागा उलटवल्या आहेत. ती मी वाचली होती आणि सोडून दिली होती. सी६६ मध्ये एखादा भाग कॅश करायचा की नाही हे १६-१६ एमबीच्या खिडक्यांनी ठरतं. निरोपांचा तुकडा कॅशबाहेर हवा आणि प्रोग्रॅम कॅशमध्ये, मग दोघं एकाच खिडकीत कसे राहणार? म्हणून दोन डीएसपींनी आपापले निरोप एकमेकांच्या खिडकीत ठेवले आहेत. कळल्यावर हसू आलं. करणाऱ्याला सलाम, पण टिप्पणी दोन ओळींची असती तर बरं झालं असतं.

मेलबॉक्सचा (कोअरांनी एकमेकांना हाक मारायच्या सोयीचा) भाग मी जसाच्या तसा उचलला आणि आठ महिन्यांत त्याने एकदाही त्रास दिला नाही. स्कीमाशी (फाइलीच्या लेखी नियमांशी) ताडून तपासायची सोय उत्तम आहे, प्रॉपर्टीच्या नावातली चूक मिनिटात पकडते. अर्थातली चूक तिला पकडता येत नाही. रिमोटप्रोक २, रिमोटप्रोक ३ या आकड्यांवर विसंबून स्क्रिप्ट लिहू नका. एक नोड वाढला की आकडे सरकतात. प्रत्येक रिमोटप्रोकची नेम फाइल वाचून ५सी०००००.आर५एफ हे नाव शोधा, ते हलत नाही. आणि तीनपैकी एमसीयू नावाच्या क्लस्टरच्या कोअर ० ला हात लावू नका, चिपचा कारभार बघणारं फर्मवेअर तिथेच चालतं.

दुसऱ्या चिपकडे जाणार असाल तर ही फाइल सोबत नेता येईल या भ्रमात राहू नका. एएमडीच्या झिंक अल्ट्रास्केल प्लस चिपमध्येही दोन आर५ चा क्लस्टर आहे, तिथेही ० म्हणजे स्प्लिट आणि १ म्हणजे लॉकस्टेप, त्यामुळे फसायला होतं. पण २ म्हणजे तिथे एकच कोअर चालतो. टीआयच्याच एएम६४एक्स चिपवर प्रॉपर्टीचं नाव अगदी आमचंच, पण तिथे चालतात ० किंवा २. १ नाहीच, कारण लॉकस्टेप नाही. एएम६२एक्सवर ३. सहाएक ओळींत एवढी विविधता!

तरीही याऐवजी जुन्या पद्धतीने बोर्डागणिक सी फाइलीत हे सगळं कोंबायला कोणी सांगितलं तर मी नाही म्हणेन. आमच्याकडे आता तीन बोर्ड आहेत, कर्नल एकच आहे आणि फरक फक्त तीन छोट्या डीटीएस फाइलींत आहे. मोटर ओके प्रकरणानंतर मी एक पायथन स्क्रिप्ट लिहिली. ती तयार झालेल्या डीटीबीमधून (डीटीएसपासून बनलेल्या, कर्नल वाचतो त्या फाइलीतून) राखीव तुकड्यांचे पत्ते वाचते आणि फर्मवेअरसाठी हेडर फाइल व लिंकर स्क्रिप्टचा मेमरीचा भाग बनवते. सी फाइलीत पत्ता आकड्यात लिहिलेला दिसला तर बिल्ड थांबतं. आर५एफचं सगळं त्यावर आलं आहे. सी६६ चं अजून हातानेच चाललंय, कारण त्या उलटवलेल्या खिडक्या स्क्रिप्टला समजावून सांगायला मला अजून वेळ मिळालेला नाही.