सीडरचा डेक: लाकडाला पाचपैकी चार, आमच्या कॉन्ट्रॅक्टरला दीड

गच्चीवर सीडर नावाच्या लाकडाचा डेक, म्हणजे फळ्यांची उघडी जमीन, करून आता दोन पावसाळे झाले, म्हणून आत्ता लिहितोय. लोक डेक बसला की दुसऱ्याच दिवशी फोटो टाकून फाईव्ह स्टार देऊन मोकळे होतात, त्याला काही अर्थ नाहीये, नवीन असताना प्लायवूडपण छान दिसतो.

आधी हे खूळ डोक्यात आलं कुठून ते सांगतो. दादा ओटावाला असतो, कॅनडात. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आम्ही महिनाभर त्याच्याकडे गेलो होतो, फिरायला म्हणून हां, आणि त्यातले दहा दिवस मी त्याच्या घरामागे खड्डे खणत होतो. वहिनी म्हणाली, "भावजी, तिकिटाचे पैसे वसूल करून घेतोय हा तुमच्याकडून." तर तिथं खड्डा खणायच्या आधीसुद्धा फोन करावा लागतो, मग माणसं येऊन हिरवळीवर रंग मारून, झेंडे लावून जातात, पिवळा म्हणजे गॅस, लाल म्हणजे वीज, केशरी म्हणजे केबल, निळा म्हणजे पाणी. फुकट. मी सिंहगड रोडला राहणारा माणूस, आमच्याकडे खाली काय होतं ते खोदल्यावर, म्हणजे फवारा उडाल्यावर कळतं, त्यामुळे मी त्या झेंड्यांचेच चार फोटो काढले.

खड्डे पाच फुटांच्याही खाली. मी म्हणलं एवढे खोल कशाला, तीन मजले चढवणारेस का यावर? तर म्हणे थंडीत जमीन वरून गोठत खाली येते आणि तिकडे ती बरीच खोल गोठते. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलोय आपण, पण नुसतं तेवढंच नसतं, चिकणमातीत खालचं पाणी वर ओढलं जातं, त्याचे बर्फाचे थर एकावर एक साठतात आणि ते थर वरची माती आणि तुमचा खांब, सगळंच उचलतात. म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यायचा. शेजारच्यानं नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर डेक टेकवला होता, तो एका हिवाळ्यात एका बाजूनं एवढा उचलला गेला की मागचा बाहेर उघडणारा दरवाजा फळीला अडकून बसला. बाहेर उणे वीस आणि माणूस आतून दार ढकलतोय! वसंतात बर्फ वितळल्यावर डेक परत खाली बसला, पण वाकडा.

मग पुठ्ठ्याच्या जाड नळ्या खड्ड्यात उभ्या करून त्यात काँक्रीट, वर गॅल्व्हनाइज्ड ब्रॅकेट, त्यात खांब. खांब काँक्रीटमध्ये गाडायचा नाही, ब्रॅकेटवर उभा करायचा, म्हणजे बूड कोरडं राहतं. घराच्या भिंतीला जी फळी बोल्टनं बसते तिच्यावर पत्र्याचं फ्लॅशिंग, नाहीतर बर्फाचं पाणी फळीमागे मुरून भिंतच कुजते. खालचा सांगाडा ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या, पाइनचा, दर १६ इंचाला एक आडवं, आणि फक्त वरच्या फळ्या सीडरच्या. म्हणजे ज्या लाकडाचं आपण एवढं कौतुक करतो ते शेवटच्या दीड दिवसात आलं, बाकी सगळे दिवस माती आणि काँक्रीट.

तिथंच मी दादाला हसलो होतो. स्टेनलेसचे स्क्रू आणले होते त्यानं, साध्यापेक्षा कितीतरी महाग, आणि प्रत्येक दोन फळ्यांमध्ये जाड खिळा धरून फट ठेवत होता. कापलेल्या प्रत्येक टोकाला ब्रशनं सीलर. मी म्हणलं अरे काय देवघर करतोयस का. आता तो डेक तीन हिवाळे काढून बसलाय. ताजा भुसभुशीत बर्फ तसा हलका असतो, घनमीटरला शंभर किलोच्या आतबाहेर, पण दबून ओला झाला की तीनशे-चारशेवर जातो, आणि असे महिनेच्या महिने. दादा प्लास्टिकच्या फावड्यानं काढतो, फळीच्या लांबीच्या दिशेनं, लोखंडी फावडं लावलं तर सीडरला चर पडतात. बर्फ वितळवायला मीठ टाकत नाही. शेवटचा इंचभर थर तसाच सोडतो.

आता पुणे.

परत आल्यावर मी भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो आणि विचारलं सीडर आहे का. पहिल्या दुकानात म्हणाले, "देवदार ना? आहे की." आता आपल्याकडे देवदारी म्हणलं की आंब्याची पेटी आठवते, त्यामुळे मी जरा बिचकलोच. गंमत म्हणजे देवदार हाच खरा सीडर, हिमालयातला. दादाकडचं जे वेस्टर्न रेड सीडर, ते नावालाच सीडर, ते सायप्रसच्या कुळातलं, थुजा. तर बरोबर होता दुकानदार, मीच चुकीच्या नावानं मागत होतो. तिसऱ्या दुकानात कॅनडाचं मिळालं. घेताना एक बघा, लालसर-तपकिरी गाभ्याचंच लाकूड घ्या, कडेचा पांढरट भाग आला तर तो बाजूला काढायला लावा. न कुजण्याचा जो काही गुण आहे तो गाभ्यातल्या रसायनांत आहे, पांढऱ्या भागात नाही. आमच्या लॉटमध्ये चार फळ्यांना पांढरी कड होती, दोन बदलून दिल्या, दोन "साहेब चालतंय" मध्ये गेल्या.

डेक १२ बाय १० चा. फळ्या साडेपाच इंची, बावीस लागल्या. काम एका कॉन्ट्रॅक्टरला दिलं, नाव लिहीत नाही, टॅबलेटवर थ्रीडी दाखवणारा, प्रत्येक वाक्यात "सर, इंपोर्टेड लुक" म्हणणारा. त्याचं एक काम चांगलं झालं ते आधी सांगतो, गच्चीच्या कोब्यात एकही भोक पाडलं नाही, सगळा सांगाडा पेडेस्टलवर, म्हणजे नुसत्या टेकवायच्या पायांवर ठेवला. पाणी अडवायला विटांचे तुकडे घालून केलेल्या त्या ब्रिकबॅट कोब्याला एकदा ड्रिल लागलं की खालच्या बेडरूमचं छत गेलंच, त्यामुळे यासाठी त्याला पूर्ण मार्क. दीडमधला एक इथला आहे.

बाकी बोंब. त्याचा सुतार हाताचा सोन्यासारखा, आणि तिथंच घोटाळा झाला. मे महिन्यात, लाकूड खडखडीत वाळलेलं, आणि त्यानं फळीला फळी अशी भिडवली की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही. सुतारकाम म्हणून बघाल तर वाहवा. मी फटीचं बोललो तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला सर फट दिसली की क्लायंट ओरडतो. आणि मी गप्प बसलो, हे माझंच. जुलैत फळ्या फुगल्या, जायला जागा नाही, मग कडेनं वर आल्या, प्रत्येक फळीचं उथळ ताट झालं आणि त्या ताटात पाणी.

स्क्रू काळे वापरले, जिप्सम बोर्डाला मारतात ते. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात प्रत्येक स्क्रूखालून काळा ओघळ. रडून काजळ ओघळावं ना डोळ्यातून, हुबेहूब तसं, आणि असे अडीचशे डोळे. हा बुरशीचा डाग नसतो, सीडरमधलं टॅनिन आणि लोखंड पाण्यात भेटले की काळी शाईच तयार होते. म्हणून स्टेनलेस. दादाला फोन केला तर तो काही बोलला नाही, नुसता हसला, तेवढं पुरे होतं.

वरून चकचकीत पॉलिश मारलेलं, फर्निचरला मारतात तसं. दिवाळीपर्यंत सापाच्या कातीसारखं सुटायला लागलं. उन्हापावसात राहणाऱ्या लाकडाला वर पापुद्रा धरणारं पॉलिश नकोच, आत मुरणारं तेलाचं स्टेन पाहिजे, थोडा रंग असलेलं, कारण रंगानंच ऊन अडतं. ते दोन-तीन वर्षांनी परत मारायला लागतं पण सुटत तरी नाही, नुसतं विटतं.

आणि सगळ्यात भारी, पावसाच्या पाइपाचं तोंड त्यानं डेकखाली बंद करून टाकलं. शेजारी गुलमोहर आहे. त्याची ती बारीक पानं कडेनं, कुठून कुठून जाऊन बरोब्बर जाळीवर बसली आणि एका रात्रीच्या पावसात गच्चीवर घोट्याएवढं पाणी. रात्री साडेबाराला मी आणि बाबा टॉर्च घेऊन फळ्या उचकटतोय. बाबा पहिल्यापासून विरोधात होते, "गच्चीवर लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण", वाळवी नाही आली पण त्यांना बोलायला हे मिळालं ते आता जन्मभर पुरेल.

गेल्या मेमध्ये कॉन्ट्रॅक्टरला वगळून त्याच सुताराला थेट बोलावलं. बावीसच्या बावीस फळ्या काढल्या, पॉलिश घासलं, घासताना मात्र तोंडाला नीट मास्क लावा, रुमाल नाही, या सीडरच्या भुशानं दम्यासारखा त्रास होतो, सुताराला दुसऱ्याच दिवशी खोकला लागला होता. डागांवर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी मारलं, हातमोजे घालून, आणि भरपूर पाण्यानं धुतलं, डाग डोळ्यांदेखत फिके होतात, बघायला मजा येते. स्टेनलेस स्क्रू, चार मिलीमीटर फट, कापलेल्या टोकांना सीलर, पाइपाच्या तोंडावर उचलता येणारं चौकोनी झाकण. एक फळी वाया गेली ती कडेला कापून टाकली. सुतार म्हणाला, "साहेब, तेव्हा फट ठेवली असती तर तुम्हीच बोलला असता." खरंय, बोललो असतो.

यंदाचा पावसाळा मग शांत गेला. आता लाकडाबद्दल. एप्रिलच्या दुपारी गच्चीच्या टाइल्सवर पाय ठेववत नाही पण सीडरवर अनवाणी उभं राहता येतं, हलकं लाकूड असल्यानं चटका देत नाही. ऊन पडल्यावर वास येतो, पेन्सिलीला टोक केल्यासारखा, तो मला फार आवडतो. पण मऊ आहे, फारच मऊ, लोखंडी खुर्चीच्या पायांचे गोल ठसे आत्ताच सतरा-अठरा झालेत, सागवान त्याच्या किमान दुपटीनं टणक. म्हणून एक मार्क कापला. मला परत करायचं झालं तर पेठेतल्या पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान आधी बघेन आणि नाहीच जमलं तर सीडर. दादाला हे सांगू नका.

आईचं वेगळंच. तिनं पहिल्याच उन्हाळ्यात डेकवर प्लास्टिक अंथरून कुरडया घातल्या. टेरेस लाउंज वगैरे कॉन्ट्रॅक्टरच्या थ्रीडीत होतं, प्रत्यक्षात तो वाळवणाचा ओटा आहे आणि तिच्या मते घरात झालेला हा एकमेव उपयोगी खर्च.

परवा कॉन्ट्रॅक्टरचा मेसेज आला, सर डेक मस्त मेंटेन केलाय असं सुतार म्हणाला, पेजसाठी फोटो काढायला येऊ का. म्हणलं ये की, पण आत्ता नको, जुलैत ये, आणि येताना गुलमोहराची पानं काढायला झाडू घेऊन ये.