दोन स्लायडर एकाच टँकमधे भांडतायत: मोठा टँक, पार्टिशन, दोन टँक की एक देऊन टाकायचं?

आधीच सांगते, हे सगळं रेड इअर्ड स्लायडरबद्दल आहे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं ते हिरवं कासव, कारण आपल्याकडे पेट शॉपमधे बहुतेक तेच मिळतं. दोघांपैकी एखादं नदीतून नाहीतर शेततळ्यातून कुणीतरी आणून दिलेलं देशी कासव असेल तर टँकचा विचार सोडा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडची देशी कासवं घरात पाळता येत नाहीत, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा आणि त्यांच्या ताब्यात द्या.

आता भांडण. पर्याय निवडायच्या आधी भांडण कुठल्या प्रकारचं आहे ते बघा, कारण त्यावरच सगळं ठरतं. एक कासव दुसऱ्याच्या तोंडासमोर येऊन पुढच्या पायांची नखं थरथरवतंय, हे बघून लोक घाबरतात पण ते चावणं नाहीये, नर मादीला असंच पटवतो, आणि लहान पिल्लं पण कधीकधी करतात. मात्र तोच नर दिवसभर मादीच्या मागे लागला आणि तिला पळायला जागाच नसली तर तो त्रासच. खाताना एकमेकांच्या तोंडातलं ओढणं हे मधलं. आणि खरी वाईट लक्षणं म्हणजे शेपटीला, मागच्या पायांना, मानेला चावे, एक जण कायम वरती कोरड्या जागेवर बसून आहे आणि पाण्यात उतरतच नाही, किंवा उलट त्याला वरती येऊच दिलं जात नाही, आणि एक वाढतंय पण दुसरं तेवढंच्या तेवढंच. हे शेवटचं लोकांच्या लक्षात सगळ्यात उशिरा येतं. आणि हो, एकमेकांच्या पाठीवर चढून बसलेल्या फोटोंवर किती पण हार्ट येऊ देत, बहुतेक वेळा ते प्रेम नसतं, ऊन खायला जागा एकच असते म्हणून चाललेली लोकलच्या विंडो सीटची मारामारी असते.

दुकानदार 'जोडीच घ्या, एकटं राहिलं तर मरेल' असं सांगून दोन पिल्लं देतो. स्लायडरला सोबत लागत नाही, एकटं मजेत राहतं. आणि ती जोडी नर-मादीची आहे हे त्याला पण माहीत नसतं, कारण अंडी कुठल्या तापमानात उबली त्यावर नर की मादी ठरतं आणि बाहेरून ते कळायला कासव साधारण १० सेंटीमीटरचं व्हावं लागतं. नराची पुढची नखं लांब, शेपटी जाड आणि लांब, मादी अंगाने मोठी. दोन नर निघाले तर सगळ्यात वाईट, एक नर एक मादी असेल तर सगळा त्रास त्या एकटीला, दोन मादी त्यातल्या त्यात शांत पण गॅरंटी कसलीच नाही. लहानपणी छान राहायची आणि आता अचानक काय झालं असं वाटत असेल तर अचानक काही झालेलं नाही, ती वयात आली.

मोठा टँक हा सल्ला सगळे देतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसतो पण हाच. ढोबळ हिशोब असा की कवचाच्या दर इंचाला ४० लिटर पाणी, मादी १० इंचाची सहज होते म्हणजे तिला एकटीलाच ४०० लिटर, दुसऱ्यासाठी निदान निम्मं अजून धरा, झाले ६००. आता तुमचा २ फुटी टँक बघा, २४ बाय १२ बाय १५ इंच, काठोकाठ भरला तरी ७० लिटरच. ४ फुटी, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच घेतला तरी २५५ च्या आसपास, आणि तो काठोकाठ भरता येत नाही कारण कासव बाहेर येईल. शिवाय नुसतं पाणीच अडीचशे किलो, काच आणि दगड वेगळे, ते साध्या टीव्ही युनिटवर ठेवू नका. म्हणजे दोन मोठ्या कासवांना पुरेल असा मोठा टँक फ्लॅटमधे बसतच नाही, तो टेरेसवरचा हौद नाहीतर अंगणातलं तळं होतं. तसं ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर करावं, पण नुसती जागा देऊन भागत नाही. ऊन खायला दोन जागा दोन टोकांना, मधे फांद्या नाहीतर दगड असे की एकाला दुसरं सतत दिसणार नाही, खाणं दोन टोकांना एकाच वेळी. भांडण जागेवरून किंवा खाण्यावरून असेल तर एवढ्याने बरंच निवळतं. रक्त आलं असेल किंवा नर मागेच लागला असेल तर टँक कितीही मोठा घ्या, तो पोहत तिथे पोचतो.

पार्टिशनची आयडिया सगळ्यांना आवडते कारण खर्च कमी, एकच फिल्टर, एकच हीटर. ठीक आहे, पण कसं टाकताय त्यावर आहे. आरपार दिसणारं नको, पलीकडचं दिसलं की दिवसभर त्याच्यावर धडका मारत बसतात. जाळी टाकायची तर भोकं इतकी बारीक हवीत की नखं, पाय अडकणार नाहीत आणि पलीकडून चावता येणार नाही. सगळ्यात बरी म्हणजे अपारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट, पाणी फिरायला बारीक भोकं पाडलेली, दोन्ही बाजूंना काचेवर पट्ट्या सिलिकॉनने चिकटवून त्यात सरकवलेली, नुसत्या सक्शन कपवर उभी केलेली शीट मोठं कासव एका ढकलीत पाडतं. उंची पाण्याच्या वरपर्यंत आणि बसायच्या जागेच्या पण बरीच वर, ही चढण्यात पटाईत असतात. दोन्ही बाजूंना ऊन खायची जागा आणि यूव्हीबी लाइट (उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा) वेगवेगळा लागतोच, तिथे बचत होत नाही. आणि जागा निम्मी होते हे विसरू नका, ७० लिटरचे ३५ झाले. म्हणून ५-७ सेंटीमीटरच्या पिल्लांना, किंवा दुसरा टँक येईपर्यंत, पार्टिशन मस्त. मोठ्यांना कायमचं तेच म्हणजे दोघांनाही शिक्षा.

दोन वेगळे टँक, माझं मत इथे आहे, स्पष्टच सांगते. लोक खर्च बघून थांबतात पण दुसरा टँक काचेचाच पाहिजे असं कुणी सांगितलं, जाड प्लॅस्टिकचा मोठा टब चालतो, कासव बाजूने दिसत नाही एवढंच, आणि तेवढ्याच लिटरच्या काचेच्या टँकपेक्षा खूप स्वस्त. पैसे जातात ते फिल्टर आणि लाइटवर. कासवं माशांपेक्षा खूप घाण करतात त्यामुळे फिल्टर टँकच्या लिटरच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्यावा. यूव्हीबी ट्यूब दिसायला चालू असली तरी ६ ते १२ महिन्यांनी बदलायची, आणि खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्यात धरू नका, काच यूव्हीबी अडवते. गॅलरीत थेट ऊन येत असेल तर एका टबचा लाइटचा खर्च बराच वाचतो, पण अर्धी सावली पाहिजेच, एप्रिल-मेमधे नागपूरला काय मुंबईत काय, उन्हातल्या छोट्या टबात कासव शिजून निघेल, आणि वर जाळी लावा, कावळे आणि मांजरं आहेत. हीटरचं म्हणाल तर पाणी २४ ते २७ डिग्री हवं, मुंबईत जवळपास वर्षभर तसं राहतं, पुणे-नाशिकला डिसेंबर-जानेवारीत दोन्हीकडे हीटर लागणार. खरी कटकट पाण्याची, दर आठवड्याला दोन टँकचं पाणी बदलायचं आणि उन्हाळ्यात सोसायटीत टँकर चालू असेल तर शेजारी बघतातच. ते पाणी कुंड्यांना उत्तम, फक्त कोथिंबीर, पुदिना असल्या कच्च्या खायच्या गोष्टींना घालू नका, कासवांच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, हात पण साबणाने धुवायचे.

हे जमणार नसेल, जागा नसेल, तर एक देऊन टाकणं यात वाईट काही नाही, ही २०-३० वर्षं जगतात, तेवढी वर्षं एकाला भीतीत ठेवण्यापेक्षा बरंच. कुठलं द्यायचं तर मी म्हणेन ज्याला चांगलं मोठं तळं किंवा टँक मिळतोय ते, आणि घेणाऱ्याकडे आधीच दुसरं कासव असेल तर चावणारं देऊच नका, भांडण फक्त पत्ता बदलतं. आणि काही झालं तरी तलावात, विहिरीत, देवळाच्या कुंडात सोडायचं नाही. स्लायडर अमेरिकेतलं कासव, जगातल्या १०० सगळ्यात उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, आपल्या देशी कासवांचं खाणं आणि जागा खातं. घेणारं कुणी नसेल तर शहरातल्या प्राणीमित्र संस्थांना विचारा, काही जण स्लायडर घेतात.

कुठलाही पर्याय निवडा, चावा लागलेला दिसला की त्याच दिवशी वेगळं करा, उद्यावर नको, बादली असेल तर बादलीत. जखम स्वच्छ करून पातळ केलेलं बीटाडीन लावायचं, बराच वेळ कोरड्या उबदार जागी ठेवायचं, आणि पाणी प्यायला-खायला म्हणून रोज थोडा वेळ स्वच्छ पाण्यात. सूज, कापसासारखं पांढरं काही, वास, किंवा शेपटीला खोल चावा असेल तर कासवं बघणारा व्हेट शोधा, कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर कासव बघत नाहीत म्हणून नंबर आधीच काढून ठेवा.

जखम भरल्यावर परत एकत्र ठेवू का हे सगळे विचारतात. खाण्यावरून झालं असेल आणि दोन्ही मादी असतील तर मोठ्या जागेत, तुम्ही समोर बसून, एकदा बघायला हरकत नाही. दोन नर असतील तर नाही. आणि तिसरं आणलं की भांडण वाटलं जातं असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा की तिसऱ्याचे लिटर कुठून आणायचे.