फॉरमॅट, रॅम, एसएसडी की नवा संगणक?

घरातला संगणक मंद झाला किंवा वारंवार हँग होऊ लागला, की दुकानातून बहुधा ‘फॉरमॅट मारून देतो’ असेच उत्तर मिळते. त्यात दुकानदाराचा अर्धा दिवस आणि आपले थोडे पैसे जातात, संगणक पंधरा-वीस दिवस बरा चालतो आणि मग पुन्हा पहिल्यासारखाच मंद होतो. फॉरमॅट (डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे), जादा रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि नवा संगणक या चार पर्यायांपैकी कोणता घ्यायचा हे आपला संगणक नेमका कुठे अडतो यावर ठरते, आणि ते घरबसल्या पाहता येते.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडतो. संगणक रडतखडत चालला असतानाच त्यातील ‘परफॉर्मन्स’ हा भाग पाहावा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली असून प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला दोन-चार एमबीच होत असेल, तर दोष बहुधा हार्ड डिस्कचा असतो. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. येथे एक फसगत होते. रॅम भरली की विंडोज तात्पुरती माहिती डिस्कवर उतरवू लागते, त्यामुळे रॅमच्या तुटवड्यातही डिस्कच शंभर टक्के दिसते. म्हणून दोन्ही आकडे एकत्रच वाचावेत.

एसएसडी आणि रॅम यांची तुलना सर्वांत महत्त्वाची आहे. डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कमधील तबकड्या साधारणपणे मिनिटाला ७२०० फेरे घेतात आणि माहिती वाचणारी सुई दरवेळी जागा बदलते. विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना तिला सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचने जमतात. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने हेच काम हजारोंच्या हिशेबात होते. विंडोज सुरू होणे किंवा ब्राउझर उघडणे ही छोट्या फाइलींचीच कामे असल्याने दहा वर्षे जुन्या संगणकातही हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. रॅमचा उपयोग मात्र तुटवडा असेल तरच होतो. चार जीबी असेल तर आठ करणे योग्यच, कारण चारपैकी निम्म्याच्या आसपास विंडोजच व्यापते. आठ जीबी असून वापर साठ टक्क्यांच्या आसपासच असेल, तर आणखी रॅम टाकून काहीही बदलणार नाही. विंडोज ३२ बिटची असेल तर चार जीबीच्या वरची रॅम ती वापरतच नाही. रॅमचेही प्रकार असतात आणि जुन्या डीडीआर३ची पट्टी त्यानंतरच्या डीडीआर४च्या खाचेत बसत नाही, म्हणून जुनी पट्टी सोबत नेऊनच नवी घ्यावी. शिवाय डीडीआर३ रॅमवर केलेला खर्च त्या संगणकाबरोबरच संपतो, तर साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच केबलला जोडली जाणारी) पुढे दुसऱ्या संगणकात बसवता येते.

फॉरमॅट व्हायरसमुळे किंवा वर्षानुवर्षे साचलेल्या नको त्या प्रोग्रॅममुळे आलेल्या मंदपणावर चालतो. त्याआधी संगणकासोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद करावेत, सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असल्यास मोकळा करावा आणि दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा; अनेकदा तेवढ्यानेच भागते. डिस्कच खराब होत असेल तर फॉरमॅट व्यर्थ आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने ‘कॉशन’ दाखवल्यास सर्वांत आधी फोटो, कागदपत्रे आणि टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली असतील तर ते फॉन्टही जपून ठेवावेत, अन्यथा फॉरमॅटनंतर त्याच फाइली निरर्थक चिन्हांनी भरलेल्या दिसतात.

मंद चालणे आणि पूर्ण हँग होणे यांत फरक आहे. माउसचा बाणही जागचा हलत नसेल, तर उष्णता, वीज, रॅमची सैल पट्टी किंवा मरू घातलेली डिस्क यांकडे पाहावे. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. तशा खोलीत धुळीने माखलेला पंखा प्रोसेसरला थंड ठेवू शकत नाही, आणि प्रोसेसर तापल्यावर जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. सकाळी नीट चालणारा संगणक दुपारी रखडत असेल, तर आधी कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढावी (पंख्याचे पाते बोटाने धरून, नाहीतर तो वेडावाकडा फिरतो) आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलावी. हँग होण्याऐवजी संगणक अचानक रिस्टार्ट होत असेल, तर खाली-वर होणारे व्होल्टेज आणि यूपीएसची जुनी बॅटरी तपासावी. हे स्वस्तातले काम न करता एसएसडी घेणे मला उतावीळपणाचे वाटते.

नव्या संगणकाचा प्रश्न वेगापेक्षा सुरक्षिततेचा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) तसेच इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना संगणक एसएसडीने वेगवान होईल, पण त्यावर बँकेचे व्यवहार करणे मी टाळेन. मुलांचा अभ्यास, टायपिंग आणि अर्ज भरणे एवढेच काम असेल तर एसएसडी टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवणे हा चांगला मार्ग आहे. टॅली लागत असेल तर तो नाही, कारण ती विंडोजसाठी बनलेली आहे. नवाच घ्यायचा झाल्यास केवळ हार्ड डिस्क असलेल्या कोऱ्या करकरीत संगणकापेक्षा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, एसएसडी असलेला जुना ऑफिस डेस्कटॉप मी पसंत करेन. मात्र पैसे देण्यापूर्वी त्याच्या डिस्कची तपासणी दुकानातच करून घ्यावी आणि विंडोज ॲक्टिव्हेट झालेली आहे का, हे सेटिंग्जमध्ये स्वतः पाहावे.