जुना रायडिंग मोअर हंगामभर वापरल्यावर: इंजिन भक्कम, दुरुस्त्या चिवट

एक सिलिंडरचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन, बेल्टवर फिरणारी दोन पाती आणि तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रोस्टॅटिक गिअर असलेला जुना मोअर (वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) कापणीचा अख्खा हंगाम चालवल्यावरचं हे मत. इंजिनाबद्दल तक्रार नाही. जीव खातात ते भलतीकडेच बोट दाखवणारे बिघाड.

सगळ्यात फसवा बिघाड म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिन अर्धा फेरा घेऊन अडणं. लक्षण हुबेहूब उतरलेल्या बॅटरीचं, त्यामुळे आधी बॅटरी बदलली जाते, मग स्टार्टर. दोष बरेचदा टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधल्या बारीक फटीत (गॅप) असतो. स्टार्ट होताना कॅमशाफ्टवरचा (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) एक बारीक उंचवटा व्हॉल्व्ह किंचित उचलून सिलिंडरमधला दाब सोडतो. गॅप वाढली की ती उचल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही आणि स्टार्टरला पूर्ण दाबाशी झुंजावं लागतं. इंजिन थंड असताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, तिथून साधारण 6 मिमी खाली न्यायचा आणि मग फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावायचा. या प्रकारच्या अनेक इंजिनांत इनटेकच्या (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला 0.08 ते 0.13 मिमी आणि एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला 0.13 ते 0.18 मिमी गॅप लागते. आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघूनच सेट करा. भाग एकही बदलावा लागत नाही, म्हणून तर आधी घेतलेल्या स्टार्टरचा खर्च जास्त जिव्हारी लागतो.

इंजिन हललंच नाही, नुसता 'टक्' आवाज आला, तर मल्टीमीटर काढा. भरलेली बॅटरी स्थिर असताना 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. मग बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि इंजिनाची बॉडी यांत मीटर लावून किल्ली फिरवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगचं टोक गंजलंय. घासून पुन्हा घट्ट करा. 'टक्'सुद्धा नसेल तर सीट, ब्रेक आणि पात्यांचे सेफ्टी स्विच तपासा. तपासण्यापुरतं ठीक, पण सीटचा स्विच वायर जोडून कायमचा बाद करू नका. चालवणारा खाली पडला तरी पाती फिरत राहतील.

डेक, म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं कवच, मात्र खरी परीक्षा घेतो. हात घालण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढायचीच. स्पिंडलचे (पातं ज्यावर फिरतं तो आस) बोल्ट त्याच्या ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये गंजून बसतात आणि जोर लावला की डोकं तुटतं. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग पुढे-मागे हलवत सोडवा. नव्या हाउसिंगमध्ये बरेचदा आटे नसतात, बोल्टच ते पाडतो. सुरुवात तिरकी झाली की हाउसिंग वाया. नुसतं बेअरिंग बदलायचं असेल तर त्यावरचा नंबर बघून दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलंच घ्या, गवताची धूळ बाकी काही टिकू देत नाही. बेल्ट काढण्याआधी त्याच्या मार्गाचा फोटो काढा. मापाला जुळतो म्हणून साधा व्ही-बेल्ट टाकला तर पाती गुंतवता-सोडवताना घसरून तो लवकर जळतो.

कार्बोरेटरचा त्रास ठरावीकच: पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक असलेला भाग) चिकटतो आणि इंजिन वर-खाली आवाज करतं. जेट काढून साफ करा, नुसता स्प्रे मारून भागत नाही.

जुना मोअर घेणार असाल तर डेकखाली वाकून स्पिंडल बसतो तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत शिरलं, तर इंजिन कितीही गोड चालत असो, घेऊ नका.