एम. एमेट वॉल्श यांची कारकीर्द क्रमाने बघताना: सात महिन्यांनंतरचा अनुभव

सात महिने, आठवड्याला दोन-तीन बैठका आणि एकच नट. एम. एमेट वॉल्श हे नाव ठाऊक नसलं तरी चेहरा बहुतेकांच्या ओळखीचा असतो: पसरट गाल, सुटलेलं पोट, विरळ केस आणि समोरच्याचा खांदा थोपटतोय असं वाटायला लावणारं हसू. जन्म 1935 चा, न्यू यॉर्क राज्यातल्या ऑग्डन्सबर्गचा. वाढले व्हरमाँटमधल्या स्वॉन्टनला. व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतल्यावर ते न्यू यॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये गेले. लहानपणी झालेल्या शस्त्रक्रियेमुळे डाव्या कानाने ऐकू येत नसे. चित्रपटात दिसायला 1969 उजाडलं, तेव्हा वय 34. तिथून 19 मार्च 2024 ला गेले तोवर चित्रपट आणि मालिका मिळून दीडशेच्या वर कामं.

आपल्याकडे चरित्र अभिनेता म्हटलं की नायकाचे वडील, नाहीतर गावचा पाटील डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत ‘कॅरेक्टर अ‍ॅक्टर’चा धंदा थोडा वेगळा चालतो. चार मिनिटं मिळणार आणि त्या चार मिनिटांत एक पुरा माणूस उभा करायचा. तो कुठली नोकरी करतो, त्या नोकरीने त्याचं काय केलंय, हे सगळं त्यात दिसायला हवं. वॉल्श यांनी शेरीफ, पोलीस, प्रशिक्षक, डॉक्टर, वार्ताहर अशी शेकड्याने माणसं केली आणि त्यातल्या बऱ्याच जणांना जोडणारा एक धागा आहे. गोड बोलणाऱ्या, गप्पिष्ट माणसाच्या हाती थोडीशी सत्ता आली की काय होतं, हे त्यांच्याइतकं नेमकं फार थोड्यांनी दाखवलंय. सुटे सुटे चित्रपट बघून हे लक्षात येत नाही. म्हणून क्रमाने बघायचं.

आता प्रत्यक्ष कसं बघायचं ते. आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळावरची यादी उलटी असते, नवं काम वर. ती फिरवून 1969 पासून लावा. वहीत चार रकाने पुरतात: साल, भूमिकेची नोकरी, पडद्यावरची मिनिटं आणि समोर कोण उभं आहे. चौथा रकाना सगळ्यांत कामाचा, कारण अशा नटाचं काम समोरच्याच्या जोरावर मोजायचं असतं. शोधताना एक घोटाळा हमखास होतो, जे. टी. वॉल्श या दुसऱ्या नटाचा. ‘अ फ्यू गुड मेन’ आणि ‘ब्रेकडाउन’मधले ते जे. टी.; 1998 मध्येच वारले. दोघांचं नातं नाही. दोघेही तितकेच भारी, पण यादीत त्यांची सरमिसळ झाली की सगळा हिशोब बिघडतो.

दुसरी चूक म्हणजे पुढे पळवून नेमका त्यांचाच प्रसंग गाठणं. ‘स्ट्रेट टाइम’ (1978) असा बघितलात तर हाती काहीच लागणार नाही. डस्टिन हॉफमन तुरुंगातून सुटलेला कैदी आणि वॉल्श त्याच्यावर लक्ष ठेवणारे पॅरोल अधिकारी अर्ल फ्रँक. पहिल्या भेटीत ते एकदाही आवाज चढवत नाहीत. खुर्चीत रेलून, हसत हसत नियम सांगतात आणि प्रत्येक नियमासरशी समोरचा माणूस थोडा लहान होत जातो. पुढे खोलीत सापडलेल्या काडेपेटीवरून ते त्याला बेड्या घालतात, तेही त्याच सुरात, जणू चहाला चल म्हणतायत. त्यानंतर हमरस्त्याच्या मधोमध कुंपणाशी जे घडतं, त्यात बघणाऱ्याला जी सुटका वाटते ती आधीच्या अर्ध्या तासाने कमावलेली असते. चित्रपट सलग बघा, मोबाइल लांब ठेवून.

हे काम बघूनच दिग्दर्शक कोएन बंधूंनी आपल्या पहिल्या चित्रपटातला खासगी गुप्तहेर वॉल्श यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला. तो चित्रपट ‘ब्लड सिंपल’ (1984). म्हणून या दोन चित्रपटांत फार अंतर पडू देऊ नका. आठवड्याच्या आत दोन्ही झाले तर फरक आणि सातत्य दोन्ही दिसतं. लोरेन व्हिसर हे गुप्तहेराचं पात्र पिवळट सूट घालतं, मोठी हॅट घालतं, छोट्या फोक्सवॅगनमधून हिंडतं. चित्रपट त्यांच्याच आवाजात सुरू होतो: इथे टेक्ससमध्ये ज्याचं त्याने बघायचं. आवाजात धमकी नाही, तक्रारही नाही. नाक्यावर पानवाल्याशी बोलावं तसा सूर. मग बारमागच्या खोलीतला प्रसंग नीट बघा. टेबलावर मासे पडलेत, त्यांच्याखाली व्हिसरचा लायटर राहून जातो, नाव कोरलेला. व्हिसरच्या ते गावीही नसतं आणि वॉल्श आपल्या चेहऱ्यावर तसूभरही काही येऊ देत नाहीत. हुशार खलनायक करणं तसं सोपं. स्वतःला हुशार समजणारा, बऱ्यापैकी हुशार असलेला आणि तरी एक वस्तू विसरलेला माणूस करणं अवघड, आणि तो इथे सापडतो. शेवटचं हसूही त्यांचंच आहे. ते का येतं हे सांगून टाकणं पाप ठरेल. या कामासाठी त्यांना इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, 1986 मध्ये, सर्वोत्कृष्ट मुख्य अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. सहायक नाही, मुख्य!

आवृत्तीकडे लक्ष ठेवा. सध्या बहुधा दिग्दर्शकांनी नंतर थोडा कापलेला, मूळ 99 मिनिटांपेक्षा आखूड असा ‘ब्लड सिंपल’ मिळतो. वॉल्श यांच्या कामाचं त्यात नुकसान नाही. जुन्या अमेरिकन व्हिडिओ कॅसेटवर मात्र गाणंच बदललेलं होतं, त्या प्रतीवरून कुणी फिरवलेली फाइल मिळाली तर सोडून द्या.

‘ब्लेड रनर’मध्ये (1982) आवृत्तीचा थेट संबंध त्यांच्या संवादाशी आहे. वॉल्श यांचा पोलीस कॅप्टन ब्रायंट सांगतो, सहा रेप्लिकंट (कृत्रिम माणसं) पळाले, एक विजेच्या क्षेत्रात जळाला. मग पाच उरायला हवेत, पण चित्रपटात शोध चौघांचाच. या हिशोबावरून प्रेक्षकांनी कितीतरी वर्षं डोकं खाजवलं. 2007 च्या ‘फायनल कट’मध्ये तो आकडा दुरुस्त करून दोन जळाले असं केलंय. बघायची ती हीच आवृत्ती. ब्रायंट नायकाला सांगतो की तू पोलीस नसशील तर किरकोळ माणूस आहेस, आणि सांगतो मित्राला सांगावं तसं. अर्ल फ्रँकच जणू पुढच्या शतकात येऊन बसलाय.

छोट्या कामांत दोन अजिबात चुकवू नका. ‘ऑर्डिनरी पीपल’मधला (1980) पोहण्याचा प्रशिक्षक, जो एका खचलेल्या मुलाशी बोलताना आपण त्याला दुखावतोय हे कळतच नसल्यासारखा बोलतो. आणि ‘रेझिंग अ‍ॅरिझोना’मधला (1987) कारखान्यातला गप्पिष्ट सहकारी. तिथे निकोलस केजला गप्प बसून ऐकायचंय आणि वॉल्श यांना नुसतं बोलायचंय. नाव नाही, कथेत पुढे काही काम नाही, तरी माणूस लक्षात राहतो.

टीव्ही मालिकांचा भाग सगळ्यांत कटकटीचा. सत्तरच्या दशकातला तासाचा भाग जाहिराती वगळून साधारण 50 मिनिटांचा असायचा. पुढे पुनर्प्रक्षेपणासाठी अनेक मालिकांना कात्री लागली आणि कात्री लावताना पाहुण्या नटाचे प्रसंग आधी जातात. लांबी 45 मिनिटांच्या खाली दिसली की संशय घ्या. दुसरं म्हणजे चौकोनी चित्र रुंद टीव्हीसाठी वरून-खालून कापलेलं असतं. डोकी अर्धी दिसायला लागली की ती प्रत बाद. ‘एक्स-फाइल्स’च्या सहाव्या हंगामातला ‘द अननॅचरल’ (1999) जरूर बघा, पण नावाने गोंधळू नका. आर्थर डेल्स हे पात्र आधी डॅरेन मॅकगॅव्हिन करत होते. ते आजारी पडल्याने वॉल्श यांना त्याच नावाचा भाऊ म्हणून आणलं.

डब केलेल्या प्रती घेऊ नका, आवाज गेला की निम्मं काम गेलं. इंग्रजी उपशीर्षकं मात्र सुरू ठेवा. ‘अ‍ॅलिसेस रेस्टॉरंट’मधला (1969) भराभर बोलणारा सार्जंट हा अपवाद: तिथे काही कळू नये हीच गंमत आहे, उपशीर्षकं बंद करा.

समीक्षक रॉजर ईबर्ट यांचा एक नियम होता: हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श सहायक भूमिकेत असतील तो चित्रपट पूर्ण वाईट असूच शकत नाही. ‘स्ट्रेट टाइम’मध्ये तर दोघेही आहेत. ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’ने (1999) हा नियम मोडला असं पुढे ईबर्ट यांनीच मान्य केलं, आणि ते बरोबरच आहे. तो वगळला तरी चालेल.

‘नाइव्हज आउट’ (2019) शेवटी ठेवा. त्यात ते बंगल्याचे म्हातारे सुरक्षारक्षक आहेत, जुनी व्हिडिओ टेप दाखवण्यापुरते. दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी लिहून ठेवलंय की वॉल्श सेटवर दोन गोष्टी घेऊन आले: बारीक अक्षरात, दोन रकान्यांत अख्खं पान भरलेली आपल्या कामांची यादी आणि दोन डॉलरच्या नोटा. नोटा त्यांनी सगळ्या कामगारांना वाटल्या, ही खर्च केली नाही तर कधीच कंगाल होणार नाहीस असं सांगत. ती यादी निम्मी-अर्धी बघून झाल्यावर तो टेपचा प्रसंग लावा.