निळं ऑर्किड म्हणून टेम्पोवाल्यानं गंडवलं, आपल्याकडच्या बायांनो नक्की वाचा

वर्धा जिल्ह्यात आर्वी, पुलगाव, देवळीकडच्या आठवडी बाजारांत एक झाडांचा टेम्पो फिरून राहिला आहे. गुलाब, मोगरा, जास्वंद असतेच, पण समोरच्या फळीवर निळ्या फुलांचं ऑर्किड मांडलेलं असते, धुण्याच्या निळीत बुचकळून काढल्यासारखं निळं. ते घेऊ नका. आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणींचे पैसे त्यात गेले, आणि मी एवढं सविस्तर लिहून राहिले कारण ही फसवणूक कळतच नाही, कळायच्या आधी झाड मरून जाते आणि बाई म्हणते की माझ्याच हाताला गुण नाही.

भाव सांगितला साडेआठशे. "ताई, आसामकडची जात आहे, दरवर्षी निळंच फुलते, एकदा फुललं की दोन-तीन महिने फूल गळत नाही." आता यातलं फूल टिकायचं खरं आहे, टेम्पोतलं झाड फॅलेनॉप्सिस नावाचं ऑर्किड आहे, त्याचं फूल तेवढं टिकतेच. आसाम-मेघालयाकडे निळसर ऑर्किड होते हेही खरं, त्याला व्हॅन्डा सेरुलिया म्हणतात, पण ते जांभळट असते, पाकळीवर गडद जाळी असते आणि पानं लांब पट्ट्यासारखी दोन्ही बाजूंना निघतात. टेम्पोतल्या झाडाची पानं रुंद, जाड, बुडाशी दोन-चार. म्हणजे नाव एकाचं आणि झाड दुसऱ्याचं. खऱ्या गोष्टींत एक खोटी अशी मिसळली की माणसाला शंका यायला जागाच राहत नाही.

खोटा आहे तो रंग. पांढऱ्या फॅलेनॉप्सिसच्या दांड्याला भोक पाडून त्यातून रंग सोडतात, झाड तो पाण्यासोबत वर ओढते आणि फुलं निळी होतात. माझ्या झाडाच्या दांड्यावर बुडापासून जरा वर मेणासारखा एक ठिपका होता, नखानं खरवडला तर खाली सुई जाईल एवढं छिद्र आणि त्याच्या भोवती शाई पसरल्यासारखा डाग. शेंड्याची शेवटची कळी उमलली ती फिकट, कडेला जवळजवळ पांढरी, कारण तिथपर्यंत रंग पुरलाच नाही. घेताना दांडा बुडापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवून बघा, दुसरं काहीच लागत नाही.

आणि आता जे सांगते ते मला सगळ्यात जास्त लागलं. तो प्रत्येकीला सांगत होता की घरी नेल्याबरोबर काळ्या मातीत लावा, शेणखत टाका, रोज तांब्याभर पाणी द्या. झाडं विकणाऱ्या माणसाला ऑर्किड मातीत मरते हे माहीत नसेल? हे झाड रानात फांदीवर वाढते, मुळांना हवा लागते, आपली कपाशीची चिकट माती बसली की मुळं सडून पंधरवड्यात पिचपिचीत होतात. झाड मेलं म्हणजे ते पुढच्या खेपेला पांढरं फुलायचा प्रश्नच मिटला, आणि तक्रार कोण करणार? सगळ्या म्हणतात आपल्याकडच्या उन्हात नाही टिकलं बाप्पा. बाजूच्या काकूंनी तर स्वतःलाच बोल लावला, दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मला त्या माणसाचा राग येतो तो यासाठी.

माझं वाचलं कारण पुतण्या कृषीचं शिकतो, त्यानं मातीत लावूच दिलं नाही. लाकडी कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाच्या सालीचे तुकडे, सगळीकडून भोकं पाडलेल्या डब्यात. मुळं चांदीसारखी पांढरट दिसली की पाणी, हिरवी दिसतात तोवर हात लावायचा नाही. पाणी सकाळी, आणि पानांच्या मधल्या बेचक्यात साचलं तर कापसानं टिपून घ्यायचं नाहीतर तिथूनच सडते. बोअरचं पाणी क्षाराचं असल्यानं पावसाचं साठवून ठेवलेलं वापरलं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि या झाडाला ३०-३२ च्या पुढे त्रास होतो, म्हणून कूलरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवलं, थेट झोतात नाही. हिवाळ्यात रात्री गार झाल्या तसा नवा दांडा निघाला आणि महाशिवरात्रीच्या सुमारास फुललं. पांढरं शुभ्र. फूल सुंदरच आहे, पण पांढरं झाड पांढरं म्हणून विकायला काय झालं होतं?

सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो, अशी मुळं त आपल्या धुऱ्यावरच्या आंब्यालेबी लटकून राहतात." बरोबरच आहे, ती व्हॅन्डा टेसेलाटा, पिवळट फुलावर तपकिरी जाळी असते, बरेच जण बांडगूळ समजून तोडून फेकतात. पण बांडगूळ झाडाचा रस पिते, हे पीत नाही, फक्त आधार घेते. असू द्या त्याला तिथंच, रानातून ओरबाडून आणलेलं कोणी विकत असेल तर तेही घेऊ नका.

त्याच टेम्पोत निळ्या ऑर्किडच्या बियांचं पाकीटही मिळते. काळं, चमकदार, मोजता येईल असं बी. जाऊबाईनं पेरलं तर माठाची भाजी उगवली. ऑर्किडचं बी पिठाच्या धुळीएवढं बारीक असते, त्यात अंकुरापुरतंही अन्न नसते, रानात एका बुरशीच्या मदतीनं उगवते नाहीतर लॅबमध्ये काचेच्या बाटलीत उगवावं लागते आणि फूल यायला वर्षं जातात. कुंडीत पेरायचं ऑर्किडचं बी कोणी देत असेल तर तो सरळ फसवून राहिला आहे.

मोठा फटका बचत गटाला बसला. आमच्या गटानं स्टॉल लावायचा म्हणून रोपांची ऑर्डर दिली, त्यानं अर्धे पैसे आधी मागितले, क्यूआर कोड दाखवला, कार्डावर एक नाव आणि फोनपेवर आलं दुसरंच. बिल मागितलं तर "मालासोबत देतो" म्हणाला. आठवडाभरानं फोन बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, तक्रारीचा नंबर मिळाला, पैसे अजून आले नाहीत. तिथल्या माणसानं सांगितलं की पैसे गेल्याबरोबर फोन केला असता तर खात्यातच अडवता आले असते, तेव्हा कोणाचं असं झालं तर त्याच दिवशी लावा. नगद देऊन रोप घेतलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

ज्यांना ऑर्किड ठेवायचंच आहे त्यांनी पक्क्या दुकानाच्या नर्सरीतून, बिल घेऊन, डेन्ड्रोबियम नावाच्या ऑर्किडपासून सुरुवात करा. हिरव्या नेटखाली ते आपल्या उन्हाला फॅलेनॉप्सिसपेक्षा जास्त दम धरते.

आता तो टेम्पो हिंगणघाटकडे दिसल्याचं पाहुण्यांनी सांगितलं. पांढरी गाडी, मागं हिरवी ताडपत्री. गाडीचा नंबर आमच्यापैकी कोणाकडेच नाही. तुमच्या बाजारात आला तर नंबरप्लेटचा फोटो काढून पोलीस स्टेशनला द्या, आमची तक्रार नोंदलेली आहेच, ती त्याला जोडता येईल.